श्रीरामपूरच्या सभेत आनंदीबाई: एका जाहीर भाषणाचं प्रकरण

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई जोशी इंग्रजीतून बोलल्या. वय सतरा, अठरावं वर्ष संपायला अजून महिना होता. समोर युरोपीय आणि देशी अशी मिश्र मंडळी. विषय एका ओळीचा: मी अमेरिकेला का जाते? हे श्रीरामपूर म्हणजे आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं नव्हे. हुगळीच्या काठचं, कलकत्त्याजवळचं, १८४५पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात असलेलं.

आरोग्य, इतिहास, नागरी प्रश्न यांवर व्याख्यानं आणि परिसंवाद भरवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात मी हे प्रकरण अभ्यासाला देतो. आनंदीबाई सगळ्यांना माहीत असतात. शाळेच्या धड्यात भेटलेल्या असतात, पडद्यावर पाहिलेल्या असतात. हे भाषण मात्र वाचलेला माणूस विरळा. खरं तर ते सहज मिळतं. कॅरोलिन डॉल या अमेरिकन लेखिकेनं १८८८ मध्ये आनंदीबाईंचं चरित्र काढलं, त्यात भाषण आलं आहे म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे वाचताना त्याच्याशी भांडता येईल. भाषण अव्वल होतं. सभेची मांडणी मात्र चुकली होती. आणि ती ज्या पद्धतीनं चुकली होती, त्याच पद्धतीनं आपल्याकडचे आरोग्यावरचे बरेच कार्यक्रम आजही चुकतात.

सभा घ्यावी का लागली

आनंदीबाई माहेरच्या यमुना, कल्याणच्या. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न झालं ते गोपाळराव जोशींशी. गोपाळराव बिजवर, वीसेक वर्षांनी मोठे, पोस्टात नोकरीला, आणि बायकोला शिकवायचंच या एका ध्यासानं झपाटलेले. हा ध्यास गोडीगुलाबीचा नव्हता. अभ्यासावरून नवऱ्यानं आपल्याला कसं मारलं, हे आनंदीबाईंनीच पुढं त्यांना लिहिलेल्या पत्रात नोंदवून ठेवलं आहे. बदल्यांमागून बिऱ्हाड फिरत राहिलं: अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला.

१८७८ मध्ये गोपाळरावांनी कोल्हापूरहून वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, मलाही तिकडे काही काम मिळेल का, अशी विचारणा होती. वाइल्डर यांनी ते पत्र आणि आपलं उत्तर मिशनच्या मासिकात छापून टाकलं. उत्तराचा रोख असा की आधी ख्रिस्ती व्हा, मग बघू. दोन वर्षांनी न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या, तिथं त्या मासिकाचा जुना अंक त्यांच्या हाती लागला. त्यांनी पत्र टाकलं. पत्रांतून नातं जुळलं, आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. मिशनऱ्यानं नाकारलेली गोष्ट दवाखान्यातल्या बाकावर मार्गी लागली.

तोवर बेत बदलला होता. नवऱ्याला सोबत जाणं जमेना, तेव्हा आनंदीबाईंनी एकटीनंच जायचं ठरलं. ब्राह्मणाची बायको, समुद्र ओलांडून, एकटी, आणि जाणार कशाला तर डॉक्टरकी शिकायला! बातमी फुटली आणि दोन्हीकडून मारा सुरू झाला. सनातन्यांच्या दृष्टीनं ही धर्मबुडवी, तर मिशनरी वर्तुळात कुजबूज अशी की बाटल्यावाचून हिचं तिकडे कसं निभावेल. भेटेल तो एकच विचारायचा आणि उत्तर ऐकायला थांबायचा नाही. म्हणून एकदाच सगळ्यांसमोर काय ते सांगून टाकायचं ठरलं. सार्वजनिक व्याख्यानाचं हे सर्वांत जुनं आणि सर्वांत प्रामाणिक कारण असेल: घरी येऊन छळणाऱ्या लोकांना सभागृहात बोलावून घ्यायचं.

जागेबद्दल एक गोष्ट मराठी वाचकाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे कॉलेज १८१८ साली केरी, मार्शमन आणि वॉर्ड या बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी काढलेलं. याच विल्यम केरीनं इथल्या छापखान्यातून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी कोश छापला होता. मराठी मुलूख हजार-दीड हजार मैलांवर, आणि मराठी अक्षरं छापली जात होती हुगळीच्या काठी. पाऊणशे वर्षांनी त्याच गावात मराठी बाई बोलायला उभी राहिली ती इंग्रजीत.

सहा प्रश्न

भाषणाची रचना साधी आणि फार हुशारीची आहे. आनंदीबाईंनी स्वतःची कहाणी सांगितली नाही. लोक जे विचारतात तेच प्रश्न त्यांनी नंबर घालून पुढं ठेवले. अमेरिकेला का जाते? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत का? तिकडे काही बरंवाईट झालं तर काय करणार? आणि आजवर कुठल्याही बाईनं जे केलं नाही ते मीच का करावं?

या प्रश्नांना त्यांनी जरासुद्धा साबण लावलेला नाही. बोचरे तसे बोचरेच ठेवले. आपल्याकडे वक्ता प्रश्न स्वतः निवडतो तेव्हा सोपे निवडतो आणि अवघडांना बगल देतो. इथं उलट झालं. श्रोत्यांच्या मनातलं सगळ्यात कडू वाक्य वक्त्याच्या तोंडून आलं की मग सभेत कुजबुजायला काही उरत नाही.

पहिलं उत्तर गरजेचं. बायका परपुरुषाला अंग दाखवायला तयार नसतात, अगदी जिवावर बेतलं तरी, आणि हे देशी बायकांइतकंच युरोपीय बायकांनाही लागू आहे, असं त्या म्हणाल्या. समोर गोरी मंडळी बसली असताना हे वाक्य टाकणं सोपं नव्हतं. युरोप-अमेरिकेतून आलेल्या स्त्री डॉक्टर आहेत, पण त्यांची भाषा वेगळी, रीत वेगळी, त्यामुळे आमच्या बायकांना त्यांचा व्हावा तितका उपयोग होत नाही. तेव्हा हिंदू स्त्री डॉक्टर हवी आणि त्यासाठी मी पुढं होते.

इथं काय नाही तेही बघावं. छापील भाषणात दहा दिवसांत गेलेल्या बाळाचा उल्लेख नाही. आज एखादा आयोजक त्यांना म्हणाला असता, बाई, सुरुवात तिथून करा, सभा हलेल. आणि ती हललीही असती. त्यांनी मात्र ते दुःख मंचावर आणलं नाही. मला हा संयम भाषणातल्या कुठल्याही वाक्याहून मोठा वाटतो. डोळे पुसणारा श्रोता पुढचा मुद्दा ऐकत नाही, हे मी अनेक सभांत मागच्या रांगेत बसून पाहिलं आहे.

दुसरं उत्तर सगळ्यांत भरीव आहे आणि शिबिरात सर्वांत जास्त वेळ त्यावर जातो. सोय आहे का? आहे, पण असून नसल्यासारखी. मद्रासला एक कॉलेज आहे, बाकी सगळ्या इलाख्यांत सुईणपणाचे वर्ग आहेत. मद्रास मेडिकल कॉलेजनं १८७५ मध्ये बायकांना प्रवेश दिला होता, हे त्या काळी मोठंच पाऊल होतं. आनंदीबाईंचं म्हणणं की हे शिक्षण अपुरं आहे, आणि शिकवणारेही जुन्या वळणाचे, थोडे मत्सरी. ‘मत्सरी’ म्हणताना त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही, पण शब्द गाळलाही नाही.

मग त्या रस्त्यावर आल्या. वर्गात जागा मिळाली तरी वर्गापर्यंत पोचायचं कसं? पुस्तकं घेऊन निघालं की माणसं गोळा होतात, हसून हसून लोळतात. ओसरीवर बसलेले प्रतिष्ठित गृहस्थ अचकटविचकट बोलतात आणि खडे मारायलाही लाजत नाहीत. दुकानदार, फेरीवाले बघून थुंकतात, सांगता येणार नाहीत असे हातवारे करतात. हा भाग त्यांनी आवाज न चढवता, यादी वाचावी तसा सांगितला आहे. शिक्षणाची सोय म्हणजे इमारत आणि अभ्यासक्रम, असं समजणाऱ्यांना घरापासून कॉलेजच्या फाटकापर्यंतचा रस्ताही त्यात मोजावा लागतो, हे त्यांनी एका परिच्छेदात दाखवलं. आजही एखाद्या तालुक्यात मुलींच्या गळतीवर परिसंवाद होतो तेव्हा एसटीच्या वेळा आणि स्टँडवरची टवाळ पोरं हा विषय निघायला सभेची दोन तास वाट बघावी लागते.

तिसरं उत्तर घरखर्चाचं. नवरा सोबत का नाही? सासूबाई म्हाताऱ्या आहेत, दीर आहेत, घर नवऱ्याच्या पगारावर चालतं. दोघं गेलो तर इथले उपाशी. बस. ना त्यागाची भाषा, ना पतिव्रतेचे दाखले. घरचा ताळेबंदच मांडला. एकटी बाई प्रवासाला का निघते याचं कारण चारित्र्यात शोधणाऱ्यांना पगाराचा आकडा ऐकवला की ते गप्प बसतात. निदान उघडपणे तरी.

चौथ्या उत्तराकडे थोड्या वेळानं येतो. पाचवं, बरंवाईट झालं तर काय, यात मला फारसा रस नाही. संकटाची भीती दाखवणाऱ्याला धीराचीच भाषा ऐकवावी लागते, तशी ती आहे.

सहाव्यात मात्र वक्ता म्हणून त्यांची खरी तयारी दिसते. कुणी केलं नाही ते मी का करावं? त्यांनी कर्तव्याचा मुद्दा काढला. अपयशाला भिऊन आरंभच न करणारे, अडचण आली की सोडून देणारे आणि शेवटास नेणारे, अशी माणसांची विभागणी केली. मराठी वाचकाला इथं भर्तृहरीचा ‘प्रारभ्यते न खलु विघ्नभयेन नीचैः’ आपोआप आठवतो. मग हिंदू श्रोत्यांसाठी दुसऱ्यासाठी स्वतःचा देह देऊ करणारे शिबी राजा आणि मयूरध्वज आले, आणि मिशनच्या कॉलेजात बसलेल्या ख्रिस्ती मंडळींना त्यांनी विचारलं की तुमच्या समजुतीप्रमाणे येशूनं दुसऱ्यांसाठी प्राण दिले, तेव्हा तो कचरला का? एकाच दमात दोन्ही बाजूंना त्यांच्याच देव्हाऱ्यातले दाखले. बोलणारीचं वय सतरा होतं, हे इथं पुन्हा आठवावं.

चौथं उत्तर

जातीबाहेर टाकतील, त्याचं काय? आनंदीबाईंनी सांगितलं की मी इथं राहते तशीच तिकडे राहणार. तेच अन्न, तोच पोशाख. हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणून परत येईन. मग बहिष्कार कशासाठी?

सभा जिंकायला हे उत्तर पुरेसं होतं. पण बाकीची पाच उत्तरं म्हणजे कारणं होती आणि हे एक वचन होतं. कारण चुकलं तर सुधारता येतं. शंभर माणसांसमोर दिलेला शब्द पाळावा लागतो.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या ‘सिटी ऑफ कलकत्ता’ बोटीनं निघाल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. प्रवासखर्चासाठी दागिने विकले. निधी उभा राहिला त्यात व्हाइसरॉयचे दोनशे रुपये आले. ऑक्टोबरपासून फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिक्षण सुरू झालं. आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला, तिकडे इंग्लंडात वाँटेजला, पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. रमाबाई आनंदीबाईंच्या नात्यातल्या. पुण्यात केवढा गहजब झाला ते सर्वांना माहीत आहे. आता परदेशी गेलेल्या दुसऱ्या मराठी बाईकडे सगळ्यांचे डोळे लागणार हे उघड होतं. श्रीरामपूरला दिलेला शब्द अधिकच जड झाला.

फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात आनंदीबाई लुगडं नेसून आणि शाकाहारावर राहिल्या. पुढं त्या गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या, कारण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिथं ते वाईट दिसतं. एवढ्या बदलावरूनही नवऱ्याची खोचक पत्रं आली. भाड्याच्या खोलीतली शेकोटी धड नव्हती, खोलीत धूर कोंडायचा. तब्येत ढासळत गेली, क्षयानं घेरलं. क्षय थंडीनं किंवा शाकाहारानं होत नाही, तो जंतूनं होतो. रॉबर्ट कॉखनं तो जंतू दाखवून दिला तो १८८२ मध्ये, आनंदीबाई श्रीरामपूरला बोलल्या त्याच्या आदल्या वर्षी. पण अपुऱ्या पोषणानं खंगलेल्या शरीरात तो लवकर हातपाय पसरतो, हे आज कुठल्याही आरोग्य केंद्रातली नर्स सांगेल. वचन मोडलं असतं तर त्या जगल्या असत्या, असं मी म्हणत नाही. सभेनं त्यांच्याकडून जे मागून घेतलं त्यात त्यांच्या जेवणाचं ताटही होतं, एवढंच म्हणतो.

११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पदवीदानाला रमाबाई मुद्दाम हजर होत्या. कोल्हापूर संस्थानानं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागावर नेमणूक दिली होती. आज लोक सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) म्हणतात तेच हे. नोव्हेंबरमध्ये त्या मुंबईला उतरल्या त्या आजारीच. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात वारल्या. श्रीरामपूरच्या भाषणाला चार वर्षं आणि दोन दिवस झाले होते. कोल्हापूरच्या त्या विभागात एकही रोगी त्यांच्या हातून तपासला गेला नाही.

न विचारलेला प्रश्न

आता सभेकडे वळू. सहा प्रश्न होते आणि सहाही एका मुलीला. तू का, तू एकटी का, तुझं काय होईल. एकही प्रश्न सरकारला नव्हता, विद्यापीठाला नव्हता, खडे मारणाऱ्या गृहस्थांना नव्हता. बंगाल इलाख्यात बाईला डॉक्टर होता येत नाही, ही सार्वजनिक अडचण होती. सभेनं ती एका घरची अडचण करून टाकली आणि तिचा खुलासा त्या घरातल्या सर्वांत लहान माणसाकडे मागितला. तिनं तो इतका सुरेख केला की श्रोते खूश होऊन घरी गेले, काहींनी वर्गणीही दिली. रस्ता जिथल्या तिथं राहिला.

हे काही काळाचंच बंधन होतं असं समजू नये. आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्यात रमाबाईंची साक्ष झाली. त्यांनीही स्त्री डॉक्टरांची गरज मांडली, पण ती ऐकणाऱ्यांवर नोंद घेण्याची आणि वर कळवण्याची जबाबदारी होती. साक्ष आणि भाषण यांत वक्तृत्वाचा फरक नसतो. समोर बसलेल्याला उठून जाता येतं की नाही, हा फरक असतो.

मुंबईत तेव्हा काय चाललं होतं तेही पाहण्यासारखं आहे. पारशी सुधारक सोराबजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी किट्रिज या दोघांनी स्त्री डॉक्टरांसाठी निधी उभारायला घेतला होता. परदेशातून डॉक्टर आणणं, बायकांचं इस्पितळ बांधणं आणि इथल्या मुलींना वैद्यकीय कॉलेजात जागा मिळवणं, अशी तिन्ही कामं त्यांनी एकदम धरली. १८८३ संपता संपता इंग्रज डॉक्टर एडिथ पेची मुंबईला आल्या, आणि पेस्तनजी कामांच्या देणगीतून कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये सुरू झालं. १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांचा याच कामासाठीचा निधी निघाला. या कामात टाळ्या कमी आणि पत्रव्यवहार जास्त होता.

आणि खुद्द बंगालमध्ये? कलकत्ता मेडिकल कॉलेजनं बाईला प्रवेश दिला तो १८८३ मध्येच. कादंबिनी बोस, लग्नानंतरच्या गांगुली, तिथं दाखल झाल्या आणि १८८६ला डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. कादंबिनींची वाटही काही फुलांची नव्हती. पण श्रीरामपूरपासून आगगाडीनं थोड्या अंतरावर, आनंदीबाईंच्या दुसऱ्या उत्तराचा आधार त्याच वर्षात बदलत होता. त्यांचं विधान २४ फेब्रुवारीला बरोबर होतं. शिक्षण खात्यातला किंवा मेडिकल कॉलेजमधला एक जबाबदार माणूस मंचावर बसवला असता, तर निदान ‘तुमच्याकडे बायकांना कधी घेणार?’ एवढं त्याला तोंडावर विचारता आलं असतं. त्याच्या उत्तरानं आनंदीबाईंची वाट बदलली असतीच असं नाही. मद्रासबद्दलचं त्यांचं मत आणि कार्पेंटरमावशीचा आधार पाहता त्या बहुधा गेल्याच असत्या. पण सभेत बसलेल्या इतर घरांतल्या मुलींना त्या उत्तराचा उपयोग झाला असता.

श्रोते बदलले की वक्ता कसा बदलतो, याचाही एक नमुना याच प्रकरणात आहे. अमेरिकेत आनंदीबाईंना बालविवाहावर बोलायला बोलावलं. मंडळींची अपेक्षा असणार की ही शिकलेली हिंदू मुलगी त्या चालीवर कोरडे ओढेल. तिनं बालविवाहाची बाजू घेतली. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल गमावलेलं, आणि तरीही! शिबिरात इथं नेहमी वाद पेटतो. काहींना ते नवऱ्याचं शिकवणं वाटतं, काहींना खरंच तसं मत असेल असं वाटतं. मला वाटतं, परक्या मंचावर आपल्या घराची साक्षीदार म्हणून उभं केलं की माणूस घराची बाजू घेतो. आदिवासी पाड्यातल्या बाईला शहरातल्या सभागृहात उभं करून ‘तुमच्याकडच्या अंधश्रद्धा सांगा’ म्हटलं की तीही अशीच ठाम उभी राहते, आणि संयोजक हिरमुसतात.

गोपाळरावांना सभांचं हे शास्त्र बायकोपेक्षाही जास्त कळत होतं, फक्त त्यांनी ते वात्रटपणासाठी वापरलं. अमेरिकेत जाऊन त्यांनी अमेरिकनांनाच खडे बोल सुनावणारी व्याख्यानं दिली. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्तानं रानडे, टिळक, गोखले यांच्यासह गावातली बडी मंडळी जमली. नंतर मिशनऱ्यांकडची, म्हणजे सनातन्यांच्या लेखी बाटवणारी, चहा-बिस्किटं फिरली. गोपाळरावांनी उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात छापवून आणली आणि पुण्याला पुढची दोन वर्षं प्रायश्चित्ताचा वाद पुरला. व्याख्यानात काय सांगितलं गेलं, त्याचं कुणालाच पडलं नव्हतं.

शिबिरात

शिबिरात मी भाषणाचा मराठी सारांश वाचून दाखवतो आणि सहभागींना म्हणतो, ही सभा तुम्हाला पुन्हा भरवायची आहे. भाषणाला हात लावायचा नाही. बाकी सगळं तुमच्या हातात.

पहिल्यांदा हात जातो वेळापत्रकाकडे, आणि ते बरोबरच आहे. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मंचावरच्या प्रत्येकाचं मनोगत, मग अध्यक्षीय समारोप. मुख्य वक्ता माइकपाशी पोचतो तेव्हा पाऊण तास गेलेला असतो, आणि प्रश्नोत्तरांची घोषणा होते तेव्हा हॉलचा शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात उभा असतो. सत्कार शेवटी न्या, परिचय पत्रिकेवर छापा, एवढ्यानंच अर्धा तास मिळतो. यावर कुणाचं दुमत होत नाही, आणि आपापल्या गावी गेल्यावर ते कुणाला करताही येत नाही, कारण हॉलचं भाडं ज्यांनी दिलेलं असतं त्यांचा सत्कार आधीच व्हावा लागतो.

दुसरं काम चिठ्ठ्यांचं. प्रश्न तोंडी मागितले की पहिल्या रांगेतले तेच ते गृहस्थ उठतात आणि प्रश्न म्हणून आपलं भाषण करतात. चिठ्ठ्या घेतल्या तर मागे बसलेल्या बायका विचारतात. एका गावी मूतखड्यावरच्या व्याख्यानानंतर आलेल्या चिठ्ठ्यांत वहीच्या कोपऱ्याएवढ्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘शेतात लघवीला जागा नाही म्हणून पाणी पीत नाही. काय करावं.’ प्रश्नचिन्ह नव्हतं. डॉक्टरांनी वाचून सांगितलं, भरपूर पाणी पीत जा. ते वाईट डॉक्टर नव्हते. पण उत्तर त्यांच्याकडे नव्हतंच. ते ग्रामपंचायतीकडे, रोजगार हमीच्या कामावर सोयी द्यायची ज्यांची जबाबदारी आहे त्यांच्याकडे आणि शेतमालकाकडे होतं, आणि यांपैकी कुणाला आमंत्रण नव्हतं.

ही चिठ्ठी सांगितली की गट श्रीरामपूरच्या सभेकडे वेगळ्या नजरेनं बघू लागतात. मग मी सातवा प्रश्न लिहायला सांगतो. अट एकच: तो आनंदीबाईंना विचारलेला नसावा, आणि ज्याला विचारला त्याला त्या दिवशी मंचावर बसवता यायला हवं. बरेच गट बंगालच्या शिक्षण खात्याला गाठतात. काही जण ज्या कॉलेजच्या सभागृहात ती उभी आहे त्यालाच विचारतात, तुमच्या वर्गात तिला बसू द्याल का. पोलिसांना बोलावणारेही असतात. खड्यांचं काय ते त्यांनी सांगावं. जिल्हा परिषदेच्या एका शिक्षिकेनं मात्र पोस्टमास्तर जनरलना बोलावलं होतं. प्रश्न होता, बायको शिकायला परदेशी जाते म्हणून गोपाळ जोशींना अर्ध्या पगारी रजा आणि घरी मनिऑर्डरची सोय द्याल का? सगळे हसले. तिनं शांतपणे तिसरं उत्तर काढून दाखवलं आणि म्हणाली, ‘अहो, एकटी जायचं कारण त्यांनी स्वतःच सांगितलंय की. पगार.’